माळ्यावरचा पीसी आणि त्यात अडकलेली मराठी

जुन्या कम्प्युटरमधून फाइल्स बाहेर काढणं हे एका रविवारचं काम. त्या वाचता येणं, हा मात्र वेगळाच किस्सा!

लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीतून ‘असेम्बल’ करून आणलेला पांढरा डबा. त्याच्यासाठी सुताराकडून खास बनवून घेतलेलं सरकत्या ट्रेचं टेबल. मॉनिटरला, सीपीयूला आणि कीबोर्डला प्लॅस्टिकची वेगवेगळी कव्हरं. आणि ‘आधी हात धुऊन ये’ ही सक्त ताकीद. आठवतंय ना?

आता तो डबा पिवळा पडलाय आणि माळ्यावर जुन्या पिंपाशेजारी मुक्कामाला आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत त्याचा विषय निघतो. आई म्हणते, “देऊन टाका एकदाचा.” बाबा म्हणतात, “अगं, माझं सामान आहे त्यात.” विषय पुढच्या दिवाळीवर.

बाबांचं चुकत नाही बरं का! नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि दोन हजारच्या सुरुवातीला मराठी घरांमध्ये जे काही टाइप झालं, ते बहुतेक या डब्यांतच राहिलं. सोसायटीची इतिवृत्तं, काकाच्या लग्नाचा बायोडेटा, दिवाळी अंकाला पाठवलेल्या कथा, आजोबांनी सांगितलेली वंशावळ. तेव्हा क्लाउड नव्हता. बॅकअप म्हणजे फ्लॉपी, आणि फ्लॉपी म्हणजे १.४४ एमबी. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोही तिच्यात मावणार नाही.

हे सगळं आजच्या लॅपटॉपवर आणता येतं. खर्च वीकेंडच्या मल्टिप्लेक्स आणि पॉपकॉर्नच्या बजेटात बसतो. फक्त एक लक्षात ठेवा. फाइल आली म्हणजे मराठी आली असं नाही. मराठीला आणखी एक कुलूप असतं.

आधी डिस्क, मग बटण

डबा खाली उतरवला की पहिला मोह होतो तो प्लग लावून बटण दाबण्याचा. थांबा! वीस-पंचवीस वर्षं बंद असलेला पॉवर सप्लाय कसा वागेल, याची गॅरंटी कोणीच देत नाही. त्याच्यासोबत हार्ड डिस्क गेली तर खेळ खल्लास. म्हणून मशीन चालू न करता चार स्क्रू काढा आणि हार्ड डिस्क बाहेर घ्या. तेवढं जमतं. नाही जमलं तर कोपऱ्यावरचा रिपेअरवाला दहा मिनिटांत करून देईल.

त्या काळातल्या डिस्कला ४० पिनांची चपटी पट्टी लागायची. तिला आयडीई म्हणतात. आयडीई टू यूएसबी अडॅप्टर आजही मिळतो. घेताना त्याच्यासोबत वेगळा पॉवर अडॅप्टर आहे ना, एवढं पाहून घ्या. मोठ्या डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि यूएसबीतून ५ व्होल्टच मिळतात. ‘डिस्क लागतच नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांचा घोळ बऱ्याचदा इथेच असतो. डिस्कच्या मागे छोटासा जंपर असतो, तो ‘मास्टर’वर ठेवा.

विंडोज ९८ च्या डिस्क आजचं विंडोज सहज वाचतं, कारण फॅट३२ ही मांडणी अजून चालते. पण डिस्क नीट वाचता आली नाही तर विंडोज अगदी नम्रपणे विचारतं, ‘फॉरमॅट करायची का?’ इथे नाहीच म्हणायचं. घाईघाईत ‘ओके’ दाबायची आपल्या सगळ्यांना सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. डिस्क दिसली की निवडत बसू नका, अख्खी कॉपी करा. तेव्हाच्या डिस्क चार, दहा, फार तर वीस जीबीच्या. आजच्या साध्या पेन ड्राइव्हवर सगळा संसार मावतो.

फ्लॉप्यांचं म्हणाल तर साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीवर चालणारे ड्राइव्ह मिळतात. त्याहून मोठ्या, वाकणाऱ्या सव्वापाच इंची फ्लॉपीसाठी जुना ड्राइव्हच शोधावा लागतो. फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून आतली चकती आधी बघा. मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत तिच्यावर बुरशीचे पांढरे ठिपके पडतात. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर घाण हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्यांचीही वाट लागते. सोनीने जपानमध्ये फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली. म्हणजे आज हातात येणारी प्रत्येक फ्लॉपी म्हातारीच.

तीन तारांचा पूल

डिस्क काढून काम भागलं तर उत्तमच. पण कधी जुनं मशीन चालू ठेवूनच त्याच्यातून माल काढावा लागतो. का, ते पुढे सांगतो. अशा वेळी दोन कम्प्युटरना एकमेकांशी बोलायला लावायचं.

जुन्या डब्यात लॅन कार्ड असेल तर सोपं वाटतं, पण इथे एक गोची आहे. विंडोज ९८ ज्या पद्धतीने फोल्डर शेअर करायचं, ती पद्धत आता असुरक्षित मानली जाते. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला, तो त्याच जुन्या दारातून शिरून. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ते दार मुळातच बंद येतं. ते परत उघडू नका. त्यापेक्षा लॅपटॉपवर एखादा फुकट एफटीपी सर्व्हर टाका. विंडोज ९८ मध्ये एफटीपीची कमांड आधीपासून असते. फाइल पाठवण्याआधी मोड ‘बायनरी’ करायचा, कारण आपोआप मिळतो तो ‘आस्की’. आणि हे सगळं चालू असताना जुन्या मशीनला इंटरनेट अजिबात दाखवू नका!

लॅन कार्डही नसेल तर? मग आपला म्हातारा, खमका सीरियल पोर्ट. सीपीयूच्या मागचा नऊ पिनांचा तो पोर्ट, जिथे कधी माउस तर कधी मोडेम लागायचा. इथे ‘नल मोडेम’ केबल लागते. दुकानात ‘क्रॉस सीरियल केबल’ असं मागा. साधी सीरियल केबल हुबेहूब तशीच दिसते, पण उपयोगाची नाही. गंमत सोपी आहे. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला जोडायचं. इकडची ३ नंबरची पिन तिकडच्या २ ला, इकडची २ तिकडच्या ३ ला, आणि दोन्हीकडच्या ५ नंबरच्या पिना एकमेकींना. बस्स, तीन तारा. लॅपटॉपला असा पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबी टू सीरियल कन्व्हर्टर. तो चांगल्यापैकी घ्या, कारण बाजारात नकली चिपचे बरेच आहेत आणि नवे ड्रायव्हर त्यांना दारातच उभं करत नाहीत.

जुन्या बाजूला हायपरटर्मिनल, नव्या बाजूला टेरा टर्म, आणि दोघांची बोली एक्समोडेम. ही बोली वॉर्ड क्रिस्टेन्सनने १९७७ मध्ये लिहिली. फाइलचे १२८ बाइटचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यासोबत त्याची बेरीज पाठवायची. बेरीज जुळली तर पुढे, नाही जुळली तर तोच तुकडा पुन्हा. आपल्या वाण्याची पद्धत, यादी आणि सामान जुळल्याशिवाय पिशवी हलायची नाही!

स्पीड मात्र बैलगाडीचा. ९६०० बिटच्या वेगाने एक एमबी जायला अठरा मिनिटांच्या वर लागतात. १,१५,२०० ला तेच काम दीड मिनिटात, तरी शंभर एमबीला अडीच तास. चित्रपट हलवायला हा रस्ता नाही. पण मजकुराला भरपूर झाला. शंभर पानांची कादंबरीसुद्धा काही शे केबीच भरते.

सेटिंग विचारलं की ‘८, नन, १’ टाका. आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. आणि तीनच तारा असतील तर फ्लो कंट्रोल बंद. यातला ‘आठ’ मराठी माणसासाठी फार मोलाचा आहे. इंग्रजीचं काम सात बिटांत, म्हणजे १२८ चिन्हांत भागतं. पण डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून जी मराठी लिहिली जायची, ती इस्की नावाच्या कोडमध्ये. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ते प्रमाण म्हणून ठरवलं. त्यात खालची १२८ घरं इंग्रजीला, आणि देवनागरी वरच्या मजल्यावर. ‘क’चा नंबर १७९. साधा मजकूर म्हणून फाइल पाठवताना कुठे सात बिटांचं सेटिंग राहिलं, तर प्रत्येक अक्षराचे १२८ कापले जातात. १७९ चे उरतात ५१, आणि ५१ म्हणजे इंग्रजी आकडा ३. तुम्ही पाठवलं ‘कखग’, पोहोचलं ३४५. त्याच फाइलमधलं इंग्रजी मात्र एकदम टकाटक, त्यामुळे संशयही येत नाही.

अक्षरं गेली कुठे?

आमच्या ऑफिसात बाजूच्या डेस्कवर बसणाऱ्या मैत्रिणीची आई डोंबिवलीत घरूनच डीटीपी करायची. लग्नपत्रिका, शाळेचे पेपर, एखाद्या वर्षी दिवाळी अंक. रात्री जेवणं आटोपली की ती स्वतःच्या आईला शेजारी बसवून तिच्या आठवणी टाइप करून घ्यायची. वऱ्हाडातलं माहेर, लग्नानंतर नवऱ्यामागे फिरलेली सात बिऱ्हाडं. साठेक पानं झाली आणि आजी गेली. पुढे मशीनही बसलं. आजीचा आवाज कोणी टेप केला नव्हता. तिची म्हणावी अशी गोष्ट उरली होती ती हीच.

गेल्या वर्षी मैत्रिणीने डिस्क काढून लॅपटॉपला लावली. सगळं दिसलं. आजीच्या नावाचं फोल्डर, तारखा, फाइल्स. उघडल्यावर मात्र डॉलर, कंस, टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरं. पानभर चिवडा.

“आई, अगं सगळं करप्ट झालंय.”

“काही करप्ट नाही. फॉन्ट कुठाय तुझ्याकडे?”

आई बरोबर होती. त्या काळात श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशी मराठीची बरीच सॉफ्टवेअर्स होती आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा. फॉन्टवाल्या फाइलमध्ये कम्प्युटरच्या दृष्टीने मराठी नसतेच. असतात ती इंग्रजीची आणि युरोपीय चिन्हांची घरं. फॉन्ट फक्त त्या घरांवर देवनागरीचे मुखवटे चढवतो. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडतो. आणि एका कंपनीचा मुखवटा दुसऱ्या कंपनीच्या फाइलवर चढवला तर तिसरंच काहीतरी दिसतं. युनिकोडमध्ये ‘क’ला जगभर एकच नंबर आहे. विंडोजमध्ये ही सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली, पण छपाईच्या धंद्यात जुने फॉन्ट त्यानंतरही पुष्कळ वर्षं राज्य करत होते.

म्हणून पहिलं काम, जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधल्या सगळ्या टीटीएफ फाइल्स उचलून ठेवा. फॉन्ट मिळाला तर वर्डमधली फाइल नव्या मशीनवरही वाचता येते. अगदी जुनी वर्ड फाइल आजच्या वर्डने अडवली तर लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघा.

मैत्रिणीचं तेवढ्याने भागलं नाही, कारण मजकूर पेजमेकरमध्ये लावलेला. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि आजचं इनडिझाइन त्या फाइल्सना ओळख देत नाही. तेव्हा डिस्क परत जुन्या डब्यात. (तिची अख्खी कॉपी आधीच झाली होती म्हणून हे धाडस!) रिपेअरवाल्याकडून पॉवर सप्लाय बदलून घेतला, बायोसची बटणाएवढी बॅटरी नवी टाकली. मशीन सुरू झालं, विंडोज आलं, आणि मराठीच्या सॉफ्टवेअरने लॉक मागितलं.

लॉक म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा काडेपेटीएवढा ठोकळा. तो असल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडायचं नाही. पायरसीवरचा त्या काळचा हा इलाज.

“आई, ते लॉक टाकलं तर नाहीस ना तू?”

“पंधरा हजारांची वस्तू टाकेन मी? गोदरेजमध्ये बघ, गोळ्यांच्या डबीत.”

तिथेच होतं! तुमच्या घरी माळा आवरताना असा बिनकामाचा ठोकळा सापडला, तर तो भंगारात देऊ नका. नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो आणि यूएसबीचा अडॅप्टर जोडून हे लॉक सहसा चालत नाही. जुनं मशीन चालू ठेवायचं ते यासाठीच.

आईने चष्मा पुसला आणि पंधरा वर्षांत न केलेलं काम बोटांनी आपोआप केलं. पेजमेकरमधून प्रत्येक प्रकरण साध्या टेक्स्टमध्ये एक्स्पोर्ट. पण ते नेणार कशावर? फ्लॉपी ड्राइव्ह मेलेला, यूएसबी नावाची गोष्ट त्या मशीनला ठाऊकच नाही. मग आपली तीन तारांची केबल. सगळी मिळून दीडशे केबी. ९६०० च्या वेगानेही तीनेक मिनिटांत आजी लॅपटॉपवर.

सूर्याला धक्का न लावता

आता कन्व्हर्टर. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे प्रोग्राम मिळतात. काही फुकट, काही फॉन्टवाल्या कंपन्यांचेच. आपला फॉन्ट नेमका कोणता, हे त्याच्या नावावरून शोधून त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर घ्या. मूळ फाइलला हात लावू नका, काम नेहमी कॉपीवर.

निकाल पहिल्या फटक्यात शंभर टक्के येत नाही. याचं कारण मोठं मजेदार आहे. जुना फॉन्ट अक्षर जसं डोळ्याला दिसतं तसं साठवतो. ‘कि’मध्ये वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून आधी वेलांटी, मग क. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतं, आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलट. दिसतो शेवटी, उच्चारतो आधी. कन्व्हर्टरला ही सगळी उलथापालथ करावी लागते, आणि जोडाक्षर लांबलं की त्याचा पाय घसरतो.

पण खरी परीक्षा आपल्या खास मराठी ‘ऱ’ची. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘तऱ्हा’ यांच्यातला तो आडवा, अर्धा र. हिंदीला त्याची गरज नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यापुढे ठेवून बनवलेले कन्व्हर्टर त्याचा सरळ रफार करून टाकतात. आजीचं ‘वऱ्हाड’ झालं ‘वर्हाड’ आणि ‘बिऱ्हाड’ झालं ‘बिर्हाड’. म्हणजे जी गोष्ट ती सांगत होती, नेमके त्याच गोष्टीचे शब्द मोडले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, फाइंड-रिप्लेस मारू! मारा, आणि ‘सूर्य’ होईल ‘सूऱ्य’. ‘कार्य’ गेलं, ‘मर्यादा’ गेली. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. आचार्यांना वंदन करायचं असतं, आचाऱ्यांना जेवणाचा ॲडव्हान्स द्यायचा असतो. कोणता र कुठे, हे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. ‘र्ह’ला तेवढी थोडी सूट आहे. मराठीत तिथे बहुतेक वेळा ‘ऱ्ह’च लागतो, फक्त ‘अर्हता’सारखे शब्द सांभाळायचे. ‘र्य’ मात्र एकेक तपासा.

कन्व्हर्टर मिळालाच नाही तर दुसरा रस्ता आहे. जुन्या मशीनवर मजकूर नीट दिसत असेल तर प्रिंट काढा, निदान स्क्रीनचे फोटो घ्या आणि ओसीआर करा. फोनमधलं गूगल लेन्सही देवनागरी ओळखतं. टेसरॅक्ट हे फुकट सॉफ्टवेअर मराठी वाचतं. चुका त्यातही होतात, पण वेगळ्या प्रकारच्या, आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवले की गाळलेलं सापडतं.

माझं मत विचाराल तर या कामात सगळ्यात महागडी वस्तू केबलही नाही आणि कन्व्हर्टरही नाही. ती टाइप करणारी व्यक्ती. मैत्रिणीने साठ पानं आईसोबत बसून तपासली, रोज रात्री पाच. एका जागी कन्व्हर्टरने ‘पार्या’ असं काहीतरी दिलं होतं. मैत्रीण ‘पायऱ्या’ करून पुढे जाणार, तेवढ्यात आई म्हणाली, “थांब. पायऱ्या नाही, पाऱ्या. शेजारच्या पारूला आई पाऱ्या म्हणायची.” हे कुठल्या सॉफ्टवेअरला कळणार होतं?

तपासलेला मजकूर युनिकोडमध्ये सेव्ह झाला, सोबत एक पीडीएफ, आणि तीन ठिकाणी कॉपी. मूळ फाइल्स आणि फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये, कारण उद्या याहून हुशार कन्व्हर्टर आला तर पुन्हा सुरुवात तिथूनच करायची. पिवळा डबा आता ई-कचऱ्याच्या अधिकृत रिसायकलरकडे जाणार आहे. हार्ड डिस्क आणि लॉक तेवढं आईने काढून घेतलंय. दोन्ही परत गोदरेजमध्ये, गोळ्यांच्या डबीशेजारी.